ताकद आवाजात नसते

"काकाजी, सायलेन्सर काढून टाका, इंजिन जरा मोकळं पळू द्या." चिखला गावातल्या माझ्या दुकानात ही मागणी घेऊन येणारा एकटादुकटा नसतो. धानाला पाणी देणारा पंपवाला येतो, मळणी यंत्र भाड्याने फिरवणारा येतो, मोटारसायकलवाली पोरं तर येतातच. सगळ्यांचा समज एकच: सायलेन्सर आवाज खातो तशी ताकदही खातो, आणि इंजिन जितकं गर्जेल तितकं जोरात ओढेल. हा समज चुकीचा आहे. त्याने आपल्या भागाचं नुकसान होतं आहे. बावनथडी आणि गोसीखुर्द धरणांच्या पाण्यावर यंत्राच्या बोटींची भाषा सुरू झालेली असताना तर तो आताच मोडून काढला पाहिजे.

आधी हिशेब मांडतो. ५ एचपीचं डिझेल इंजिन म्हणजे सुमारे ३,७०० वॅट. त्याचा सायलेन्सर काढला आणि मीटरभर अंतरावर ११० डेसिबल आवाज झाला असं धरू. एवढा आवाज कानाला सहन होत नाही. पण आवाजाच्या रूपाने हवेत जाणारी शक्ती किती? एका वॅटच्या आतबाहेर. ३,७०० मधला एक वॅट. हा सगळा आवाज उद्या जादूने नाहीसा झाला, तर पंपाच्या पाण्यात त्याचा थेंबभर फरक पडणार नाही. कान फार नाजूक अवयव आहे, म्हणून त्याला एक वॅट प्रचंड वाटतो. त्या प्रचंडपणाला आपण ताकद समजून बसलो आहोत.

तरीही लोक उगाच असं म्हणत नाहीत. सायलेन्सर काढल्यावर इंजिन खरोखर हलकं चाललं, हा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो. त्याचं कारण सायलेन्सर असणं हे नसून तो कोंडलेला असणं हे असतं. डिझेलची काजळी वर्षानुवर्षं आत बसते, जाळीची भोकं बुजतात, धूर बाहेर पडायला जागा राहत नाही. किंवा बाजारातून स्वस्तात आणलेल्या डब्याची नळी इंजिनच्या तोंडापेक्षा बारीक असते. मग पिस्टनला जळालेला वायू ढकलून बाहेर काढावा लागतो, आणि ती मेहनत पंपाच्या वाट्यातून कापली जाते.

हा दाब मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतो ती पारदर्शक नळी घ्या. तिला इंग्रजी यू अक्षराचा आकार द्या, निम्मी पाण्याने भरा आणि एक टोक सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या बारीक तांब्याच्या नळीला जोडा. तांब्याची नळी हातभर तरी लांब हवी, नाहीतर प्लास्टिक वितळतं. इंजिनच्या ठोक्यांनी पाणी नाचत राहतं, म्हणून नळी मध्ये थोडी चिमटून घ्यायची. आता इंजिनवर पूर्ण भार टाका आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीत किती फरक पडतो ते पाहा. आपल्याकडे सगळीकडे दिसणारं ५ एचपीचं, मिनिटाला १,५०० फेऱ्यांचं, ८० मिलिमीटर बोअर आणि ११० मिलिमीटर स्ट्रोकचं इंजिन धरलं, तर अर्धा मीटर पाण्याच्या फरकाने साधारण शंभरात एक भाग ताकद जाते. चांगल्या सायलेन्सरवर फरक त्याहून कमी राहतो. कोंडलेल्या सायलेन्सरवर पाणी नळीतून उडून बाहेर पडताना मी पाहिलं आहे. त्यावरचा इलाज सायलेन्सर साफ करणं हा आहे. तो भंगारात टाकून काही साधत नाही.

हे सगळं मला नव्याने आणि नीट मांडावं लागलं ते गावातल्या नववीतल्या एका पोरामुळे. त्याला विज्ञान प्रदर्शनासाठी बोट करायची होती. प्लायवूडचं मीटरभर लांबीचं अंग, वरून रेझिनचा थर, आणि आत फवारणी पंपाचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन. हे इंजिन चहाच्या कपात मावेल एवढ्या सिलेंडरचं, पण त्याचा आवाज सबंध बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, पसरायचा. कपडे धुणाऱ्या बायांनी त्याला हाकललं, मास्तरांनी शाळेच्या आवारात सुरू करू नको म्हणून सांगितलं. त्याने धुराच्या नळीच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली. आवाज थोडा दबला, पण बोट रेंगाळू लागली आणि इंजिन तापून बंद पडू लागलं. मग तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काकाजी, आवाज कमी करायचा आहे, पण ताकद गेली नाही पाहिजे."

मला त्याचं वाक्य फार आवडलं. मोठी माणसं दोन्हीतलं एकच मागतात.

पहिली गोष्ट आम्ही केली ती ताकद मोजण्याची. बोटीच्या मागच्या टोकाला दोरी, दोरीला मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा, आणि काटा पाळीवरच्या बाभळीला बांधलेला. इंजिन पूर्ण रेसवर नेलं की बोट काट्याला ओढते आणि काटा किती किलो ते सांगतो. कुठलाही बदल केला की पुन्हा काटा. वाटतं, भासतं, पूर्वीपेक्षा बरं आहे, या शब्दांना तिथे वाव उरला नाही. घासणी कोंबल्यावर काटा खाली आला आणि घासणी काढताच पूर्वीच्या जागी परत गेला, हे पोराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

टू-स्ट्रोकची गंमत वेगळी आहे आणि ती ठाऊक नसल्याने बरंच काही बिघडतं. या इंजिनात जळालेला वायू बाहेर जाण्याची आणि ताजं मिश्रण आत येण्याची दारं काही क्षण एकदमच उघडी असतात. ताजं पेट्रोल थेट धुराच्या नळीत पळून जातं. मात्र नळीला आधी फुगत जाणारा आणि मग निमुळता होणारा आकार दिला, तर तलावात उठलेली लाट पाळीवर आपटून परत यावी तशी दाबाची लाट निमुळत्या टोकावरून परत येते आणि पळू पाहणारं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ गावी एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात ही विद्या पक्की केली. १९६१ पर्यंत त्याने १२५ सीसीच्या इंजिनातून २५ एचपी काढले होते. त्या काळी असं काही ऐकिवात नव्हतं. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळून गेला आणि ही विद्या जपानच्या सुझुकीकडे पोचली. पुढच्याच वर्षी सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर डेग्नर जगज्जेता झाला. आपल्या रस्त्यांवर १९८५ ते १९९६ या काळात आलेल्या यामाहा आरएक्स १०० च्या ९८ सीसीत जे ११ एचपी होते, त्यातही या पोटफुग्या नळीचा वाटा मोठा होता. ती नळी कापून सरळ पाईप लावणारी पोरं आपल्या हाताने आपल्या गाडीची ताकद कापत होती. आवाज वाढला म्हणून त्यांना गाडी जोरात पळते आहे असं वाटायचं, एवढंच.

पोराने पत्र्याची अशी नळी आधीच जोडून घेतली होती आणि तिची मापं बऱ्यापैकी बरोबर होती. तिला हात लावायचा नाही, हे ठरलं. तिच्या शेवटी एक बारीक शेपटी असते. त्या शेपटीचं आतलं माप म्हणजे त्या इंजिनचा जीव. ती आवळली तर इंजिन तापतं, मोठी केली तर लाट नीट परत येत नाही. म्हणून जे काही शांत करायचं ते शेपटीच्या पुढे. आम्ही तिथे एक लहान डबा जोडला. त्यातून आरपार जाणारी भोकाभोकांची नळी, भोवती काचेची लोकर. या नळीचं माप शेपटीपेक्षा थोडं मोठं ठेवलं, म्हणजे कुठेच अडवणूक नाही. वायू सरळ निघून जातो आणि आवाज भोकांतून लोकरीत शिरून विरतो. टू-स्ट्रोकचं तेल हळूहळू लोकर भिजवतं, तेव्हा ती काही महिन्यांनी बदलावी लागणार, हेही त्याला सांगून ठेवलं.

धुराचा आवाज दबल्यावर बाकीचे आवाज ऐकू यायला लागले. कुठलंही इंजिन शांत करताना हे होतंच आणि इथेच बहुतेक लोक काम सोडून देतात. कार्ब्युरेटर हवा ओढतो त्याचा एक घरघराट असतो. त्याला हवेची छोटी पेटी लावली. इंजिनची थरथर प्लायवूडच्या अंगात जाऊन सगळी बोट वाजत होती. खालच्या बोल्टांना रबराचे बुश घातले आणि पंख्याच्या दांड्याला लवचीक जोड दिला. वरून झाकण हवं होतं, पण ते इंजिन हवेने थंड होणारं, त्यामुळे बंद पेटीत ते जाम झालं असतं. हवेला यायला-जायला मोठी वाट दिली, फक्त ती दोन ठिकाणी वळवून आतून फोम चिकटवला. हवा वळणं घेऊन जाते, आवाज फोममध्ये अडकतो. शेवटी पाण्यातला पंखा जास्त पीचचा घेतला, म्हणजे कमी फेऱ्यांत तेवढीच ओढ. फेऱ्या कमी झाल्यावर लाट परत येण्याची वेळ चुकते, म्हणून हात लावायचा नाही असं ठरवलेली पोटफुगी नळी शेवटी थोडी लांब करावी लागली. काट्याने पूर्वीचाच आकडा दाखवला. आणि कपडे धुणाऱ्या बायांनी हाकललं नाही.

तीच तत्त्वं पंपाच्या मोठ्या इंजिनाला लागू पडतात, गणित तेवढं बदलतं. १,५०० फेऱ्यांच्या फोर-स्ट्रोकमध्ये सेकंदाला साडेबारा ठोके पडतात. हा मूळ सूर इतका खालचा की तो अडवायला अवाढव्य डबा लागेल. पण माणसाला त्रास होतो तो त्याच्या वरच्या सुरांचा, सेकंदाला शंभर ते हजार कंपनांच्या टप्प्यातल्या. गरम धुरात आवाज सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने जातो. त्या हिशेबाने ५० सेंटिमीटर लांबीचा रिकामा डबा २५० कंपनांचा सूर सर्वांत चांगला अडवतो आणि ५०० चा सूर जसाच्या तसा जाऊ देतो. म्हणून एकसारखे दोन डबे जोडण्यात अर्थ नाही. एक ५० चा, दुसरा ३० चा, म्हणजे पहिल्यातून सुटलेला सूर दुसऱ्यात सापडतो. डब्याचा व्यास नळीच्या तिप्पट ठेवला तर एकेका डब्यातून साधारण १३ डेसिबलपर्यंत उतार मिळू शकतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. नळी कुठेही बारीक केलेली नाही, म्हणून गवंड्याच्या नळीतलं पाणी फारसं हलत नाही. गावातला कुठलाही वेल्डर हे पत्र्यातून करून देईल. दोनशे लिटरचा ड्रम पंपाखाली ठेवून तो भरायला लागणारे सेकंद आधी आणि नंतर मोजा. भाड्याने मशीन देणाऱ्यांना मी हेच करायला लावतो. त्यानंतर ते माझ्याशी वाद घालत नाहीत.

मला याची एवढी तळमळ का, ते सांगतो. चिखला हे मँगनीजच्या खाणीचं गाव. ही खाण इंग्रजांच्या काळापासूनची. १९६२ साली आज ज्या कंपनीला आपण मॉयल म्हणतो ती स्थापन झाली. खाणीतल्या कामगाराच्या कानासाठी देशाच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९७५ मध्येच मर्यादा घालून दिली: आठ तासांच्या पाळीत ८५ डेसिबलला सावध व्हायचं, उघड्या कानाला ९० म्हणजे धोका. माणूस जमिनीखाली असेपर्यंत त्याच्या कानाला हा नियम आहे. तोच माणूस पाळी संपवून वर येतो, बांधीवर जातो, सायलेन्सर नसलेलं इंजिन सुरू करतो आणि रात्रभर त्याच्या शेजारी बसतो. तिथे त्याच्या कानाचा विचार करणारं कुणी नाही. पन्नाशीतच ज्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं अशी माणसं मला रोज भेटतात. त्यातल्या अनेकांनी खाणीचं तोंडही पाहिलेलं नाही. त्यांचं आयुष्य पंप, हॉलर आणि मळणी यंत्र यांच्या शेजारी गेलं.

दुसरं, आपला जंगलपट्टा. उन्हाळी धानाला रात्री पाणी देणाऱ्या माणसाला मागच्या झुडपातली हालचाल ऐकू यायला हवी. रानडुक्कर असेल, अस्वल असेल, कधी वाघही असेल. शेजारी इंजिन फडाडत असेल तर त्याला हाक मारलेलीही ऐकू येत नाही. तिसरं, मळणीच्या दिवसांत उघड्या धुराच्या नळीतून ठिणग्या उडतात आणि दोन हातांवर तणसाचा ढीग असतो. सायलेन्सर ठिणग्याही बऱ्याच अडवतो. धानाचं खळं पेटायला एक ठिणगी पुरते.

रस्त्यावरच्या गाड्यांसाठी कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम ट्रॅक्टरसकट प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचे निकष मोडणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शहरांत पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात, ते बरंच आहे. डिझेल जनित्रांसाठीही नियम झाला: २००५ पासून बनणाऱ्या संचाचा आवाज त्याच्या पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत हवा. तेव्हा कारखानदारांनी पेट्या बांधल्या, फोम लावला, चांगले सायलेन्सर दिले. आज लग्नाच्या मांडवामागे उभं असलेलं मोठं जनित्र आपल्या छोट्या पंपापेक्षा शांत असतं. ताकद त्याची कुठे गेली नाही. नियम आला की विद्या आपोआप कामाला लागते, याचा हा आपल्या डोळ्यांसमोरचा पुरावा आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की पंप आणि मळणी यंत्रांवर सरकार अनुदान देतं, त्या यंत्रांच्या अटींत आवाजाचा आकडा घाला. अश्वशक्ती विचारता, डिझेल किती खातं ते विचारता, तसंच पूर्ण भारावर मीटरभर अंतरावर किती डेसिबल, हेही विचारा. आणि आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या पोरांना सायलेन्सर नुसता बसवायला शिकवू नका, मापं काढून बनवायला शिकवा. वेल्डिंगचा वर्ग आणि मेकॅनिकचा वर्ग एकाच आवारात असतात. वर्षातून एक काम दोघांनी मिळून करावं, ते हे असावं.

राहिला प्रश्न पाण्याचा. आमच्या तुमसर तालुक्यात सीतेकसाला बावनथडीवर राजीव सागर आहे. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द आहे, ज्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. तिथे आता जलपर्यटनाचा प्रकल्प सरकारने हाती घेतला आहे. मी त्याच्या विरोधात नाही. गावातल्या पोरांना काम मिळेल, ढिवर समाजातल्या नावाडी माणसांना पाण्याचं ज्ञान विकता येईल, हे मला हवं आहे. पण उघड्या पाण्यावरून आवाज जमिनीवरल्यापेक्षा दूर जातो. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची गरम राहते, त्यामुळे आवाज वर न उडता खाली वाकून पैलतीर गाठतो. गोसीखुर्दच्या शेजारी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. आपल्या आणि गोंदियाच्या पाणथळांत महाराष्ट्रातले शेवटचे काही सारस उरले आहेत. आणि त्याच पाण्यात पहाटे जाळी टाकणारा ढिवर मासा कुठे उसळला ते कानाने ओळखतो.

बोटी आधी घ्यायच्या आणि तक्रारी आल्यावर सायलेन्सर शोधायचे, असं होऊ नये. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा यंत्राच्या बोटींची नोंदणी आणि तपासणी सांगतोच. त्याच तपासणीत आवाज धरा. ठेक्याच्या कागदात लिहा की बोटीचा धूर पाण्यातून थंड होऊन बाहेर पडेल, इंजिन रबरावर बसलेलं असेल, हवेच्या वाटेला पेटी असेल, आणि काठावर उभं राहून मोजलेला आवाज ठरलेल्या आकड्याच्या आत राहील. ठेकेदार म्हणेल की मग बोट ओढणार नाही. त्याला दोरी आणि काटा द्यावा. सायलेन्सरसह आणि सायलेन्सरशिवाय, दोन्ही वेळी बोट काठावरच्या खुंटाला बांधून किती किलो ओढते ते सगळ्यांसमोर मोजावं. आणि आवाज मोजताना बोट माणसांनी पूर्ण भरलेली आणि इंजिन पूर्ण रेसवर असावं. काठाला उभ्या, मंद चालत्या बोटीवर घेतलेला आकडा कुणीही मान्य करू नये.